कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई



जानेवारी महिना आला की आपल्या वर्गातल्या ग्रुप ८ च्या मुलांचा एकच विषय असतो. शाळेचा अद्वीस काय आला? व्हीएमबीओ, हावो की व्हीडब्ल्यूओ? यंदा एका शनिवारी तास संपल्यावर एक आई मागे थांबल्या. मुलाचा सल्ला अपेक्षेपेक्षा खालचा आला होता. भारतातल्या आजोबांना फोनवर सांगितले तेव्हा ते सहज बोलून गेले, की बुद्धी ही मुळात रक्तातच असावी लागते. मुलाने ते ऐकले. तेव्हापासून तो घरी फारसे बोलत नव्हता. पुढच्या शनिवारी त्याने वर्गात विचारले, की डोक्यात जेवढी बुद्धी घेऊन आपण जन्माला येतो तेवढीच आयुष्यभर राहते का?

प्रश्न फार चांगला आहे. तो फार जुनाही आहे. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका मराठी तरुणीची या प्रश्नाशी गाठ पडली, तीही इथून जवळच, बर्लिन शहरात. म्हणून या अंकात आपण त्यांची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये झाला. गावाचे नाव मिंज्यान. वडील गणेश हरी करमरकर हे तिथल्या कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. गावाजवळून इरावती नावाची मोठी नदी वाहते. मुलीला त्या नदीचेच नाव मिळाले. म्हणजे पाहा, त्याही तुमच्यासारख्याच आईवडिलांच्या नोकरीच्या गावी, परमुलखात जन्मलेल्या. मऱ्हाटी घर, पण दाराबाहेर वेगळी भाषा, वेगळे कपडे, वेगळे अन्न.

फरक एवढाच, की त्या काळी शिक्षणासाठी मुलांना मायदेशी पाठवून देत. सातव्या वर्षी इरावतीला पुण्याला हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत वसतिगृहात ठेवले. आईवडील समुद्रापलीकडे राहिले. तिथे तिची शकुंतला परांजपे या मुलीशी मैत्री झाली. शकुंतलेचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले ते पहिले भारतीय. परांजप्यांनी इरावतीला आपल्याच घरी आणले आणि मुलीसारखे वाढवले. त्या घरात पुस्तके होती, पाहुणे होते आणि जेवताना वादविवाद होते. परांजपे कोणतीही गोष्ट पुराव्यावाचून मानत नसत. मुलींनीही तसेच विचारावे, असे त्यांना वाटे.

इथे क्षणभर थांबा. इरावती हुशार होती यात शंका नाही. पण ती परांजप्यांच्या घरी राहिली नसती तर? पुढे ती जे झाली त्यातले किती जन्माने आणलेले होते आणि किती त्या घराने दिलेले होते? हे वेगळे करून सांगता येईल का? मनात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन इरावती बी. ए. झाली. मग मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली एम. ए. झाली. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. दुसऱ्यांचा अभ्यास करण्याआधी त्यांनी आपल्याच माणसांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच सुमारास त्यांचे लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाले. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत. सासरे म्हणजे महर्षी कर्वे. विधवांसाठी आश्रम काढणारे, महिला विद्यापीठ स्थापन करणारे, पुढे १९५८ साली भारतरत्न झालेले. अशा घरात सुनेच्या शिक्षणाला काय अडचण येणार, असे तुम्हाला वाटेल. पण इरावतीबाईंनी जर्मनीला जायचे ठरवले तेव्हा महर्षींना ते पसंत पडले नाही. दिनकरराव मात्र स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. ते पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. पैशाची सोय काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. १९२८ सालच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोचल्या. वय अवघे २३.

बर्लिनच्या डालेम भागात एक नवीन संस्था निघाली होती, कैसर विल्हेल्म संस्था. मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिचे विषय. मानववंशशास्त्र म्हणजे माणसाच्या शरीराचा, कुळाचा आणि चालीरीतींचा अभ्यास. आनुवंशिकता म्हणजे आईवडिलांकडून मुलांकडे काय येते त्याचा अभ्यास. सुप्रजनन हा शब्द ऐकायला गोड आहे, पण त्याच्या पोटात एक भयंकर कल्पना होती. काही माणसे जन्मतःच चांगल्या प्रतीची आणि काही हलक्या प्रतीची, म्हणून चांगल्यांची संख्या वाढवावी आणि हलक्यांची घटवावी, अशी ती कल्पना. संस्थेचे प्रमुख होते प्रा. ऑयगेन फिशर. तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले.

आता एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहून आपला चेहरा नीट बघा. डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी दिसणार नाही. एक भुवई किंचित वर असेल, एक कान किंचित खाली. आपली कवटीही अशीच दोन्ही बाजूंनी थोडी वेगळी असते. फिशर यांचे म्हणणे असे होते, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग जास्त मोठा असतो, त्याला जागा देण्यासाठी त्याची कवटी एका बाजूला अधिक वाढते आणि म्हणूनच युरोपीय माणूस इतरांपेक्षा जास्त तर्कशुद्ध विचार करतो. म्हणजे कोण किती हुशार हे हाडावरच लिहिलेले असते. हे म्हणणे खरे की नाही ते तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी एकूण १४९ कवट्या मोजल्या. त्यात युरोपातल्या होत्या, तशाच जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. परक्या शहरात, परक्या भाषेत ही तरुण मुलगी एकेक कवटी हातात घेऊन डावीकडून आणि उजवीकडून मापे घेत होती आणि आकडे लिहून ठेवत होती.

शेवटी सगळे आकडे मांडून पाहिले. वंश आणि कवटीचा वाकडेपणा यांचा काहीही संबंध दिसेना. गोऱ्या माणसाची कवटी अमुक प्रकारची आणि काळ्या माणसाची तमुक प्रकारची, असा नियमच निघाला नाही. मार्गदर्शकांचे म्हणणे चुकीचे ठरले.

विचार करा, अशा वेळी काय करावे? पदवी देणारे तेच. कर्ज काढून आलेले. घरी परत जाऊन सासऱ्यांना तोंड दाखवायचे. थोडे आकडे इकडचे तिकडे केले असते, किंवा निष्कर्ष जरा गोलमाल भाषेत लिहिला असता, तर कोणाला कळणार होते? इरावतीबाईंनी जे दिसले तेच लिहिले. फिशर यांनी त्यांना उत्तीर्ण केले, पण सर्वांत खालची श्रेणी देऊन. १९३० साली ती डॉक्टरेट घेऊन त्या भारतात परतल्या.

मुलांनो, कमी श्रेणी मिळाली म्हणून काम कमी प्रतीचे ठरत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढे काय झाले ते तुम्ही शाळेत शिकलाच आहात. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वंशभेदाच्या कायद्यांना शास्त्राचा आधार पुरवला. १९४० साली जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये शिरले. इथून एक लाखाहून अधिक ज्यू लोकांना नेऊन मारण्यात आले, त्यांत तुमच्या वयाची मुलेही होती. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये २०२१ साली उघडलेल्या नावांच्या स्मारकात एकेका विटेवर एकेक नाव आहे. कवटी मोजून माणसाची किंमत ठरवण्याची कल्पना नुसती कागदावर राहत नाही, ती कुठपर्यंत जाते हे तिथे दिसते. इरावतीबाईंचा छोटासा प्रबंध ते सारे थांबवू शकला नाही. पण शास्त्राच्या नावाखाली काय खोटे चालले आहे, हे त्यांनी त्याच संस्थेत बसून आधीच आकड्यांनी दाखवले होते.

पुण्याला परतल्यावर त्यांनी काही वर्षे महिला विद्यापीठाच्या कारभारात काम केले. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांना तीन मुले झाली. थोरली जाई आणि धाकटी गौरी पुढे लेखिका झाल्या, तर मुलगा आनंद शास्त्रज्ञ झाला. घरात इरावतीबाई नवऱ्याला नावाने हाक मारत, आणि पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटरने जात. त्या काळी या दोन्ही गोष्टींकडे लोक वळून वळून पाहत.

त्यांचे खरे काम मात्र पुण्याबाहेर होते. मोजमापाची साधने घेऊन त्या खेडोपाडी हिंडल्या. मिळेल तिथे मुक्काम करत आणि मिळेल ते खात. माणसांची मापे घेताना त्यांना आढळले, की एकाच नावाच्या जातीतल्या पोटजातीसुद्धा एकमेकींसारख्या निघत नाहीत. म्हणजे जातीच्या नावावरून शरीराची घडणसुद्धा सांगता येत नाही, मग अक्कल कशी सांगता येणार? एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बर्लिनला शिकलेली डोकी मोजण्याची पद्धत त्यांनी स्वतः सोडली नाही, ती अनेक वर्षे वापरली. आज अभ्यासक त्यावर टीका करतात आणि ती रास्त आहे. मोठी माणसेही आपल्या काळाच्या चौकटीतून पूर्णपणे बाहेर पडत नाहीत.

हळूहळू त्यांचे लक्ष हाडांवरून नात्यांकडे वळले. १९५३ साली त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. हा विषय तुम्हाला चटकन समजेल. डच भाषेत नेफ म्हटले की चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, पुतण्या आणि भाचा सगळे एकाच शब्दात येतात. मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द. का बरे? कारण आपल्याकडे त्या प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी. मामाशी लाडीगोडी चालते, ती काकांशी चालेलच असे नाही. दक्षिण महाराष्ट्रात पुष्कळ घरांत मामाच्या मुलीशी लग्न होते, तर उत्तर भारतात ते ऐकून लोक दचकतात. इरावतीबाईंनी सगळ्या देशातले हे शब्द आणि या रीती गोळा केल्या. महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मध्ये असल्यामुळे इथे दोन्हींचे धागे कसे गुंफले गेले, ते त्यांनी दाखवले.

बाळाच्या मेंदूत यातले काहीच लिहिलेले नसते. भाषा शिकण्याची शक्ती सगळी बाळे जन्मतःच घेऊन येतात, ती शरीराची देणगी. पण मामा आणि काका यांतला फरक कळणे ही घराने शिकवलेली गोष्ट. आपल्या वर्गातल्या मुलांना दोन्ही कळते, नेफही आणि मामेभाऊही.

शिकलेल्या कल्पना नेहमी चांगल्याच असतात असे मात्र नाही. इरावतीबाई पालखीबरोबर पंढरपूरला पायी गेल्या होत्या. त्यावर त्यांनी वाटचाल नावाचा लेख लिहिला. दिवसभर एका दिंडीत एकत्र चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी माणसे जेवायच्या वेळी मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत. याचे त्यांना फार दुःख झाले. रक्ताने ती माणसे वेगळी केली नव्हती. लहानपणापासून शिकवलेल्या कल्पनेने केली होती. जे शिकवलेले असते ते बदलताही येते, हीच त्यातली आशा.

महाभारतातल्या माणसांवरचे त्यांचे युगान्त हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात असेल. त्याला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे त्यांनी देव किंवा राक्षस म्हणून न पाहता तुमच्याआमच्यासारखी माणसे म्हणून पाहिले. कर्णाची गोष्ट तर आपल्या प्रश्नाचीच गोष्ट आहे. जन्म राजघराण्यातला, वाढ सारथ्याच्या घरातली. लोक त्याची लायकी त्याच्या कुळावरून ठरवत राहिले. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई वारल्या.

मग आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? बुद्धी रक्तात असते की शिकण्यात? इरावतीबाईंच्या नंतर शास्त्र पुष्कळ पुढे गेले, आणि त्यातले काही महत्त्वाचे पुरावे आपण राहतो त्याच देशातले आहेत.

पहिला पुरावा भुकेच्या हिवाळ्याचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्न मिळेना. लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुले पुढे १९ वर्षांची होऊन सैन्यात भरतीसाठी तपासणीला आली. उपासमार झालेल्या आणि न झालेल्या शहरांतल्या मिळून सुमारे १,२५,००० तरुणांची माहिती संशोधकांनी तपासली. १९७२ साली निष्कर्ष आला. त्या भुकेचा खूण म्हणावी असा परिणाम बुद्धीच्या चाचणीवर दिसला नाही. शरीराच्या आरोग्यावर मात्र परिणाम झाल्याचे नंतरच्या अभ्यासांत आढळले.

दुसरा पुरावा त्याच भरतीच्या चाचण्यांचा. १९५२ ते १९८२ या ३० वर्षांत डच तरुणांचे गुण सुमारे २० अंकांनी वाढले. एवढ्या थोड्या काळात कोणाचे रक्त बदलत नाही. शाळा बदलल्या, घरे बदलली, कोडी सोडवण्याची सवय बदलली.

तिसरा पुरावा दुसऱ्या बाजूचा, तोही सांगायलाच हवा. अ‍ॅम्स्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात १९८७ पासून जुळ्या भावंडांची नोंद ठेवली जाते. अगदी एकसारख्या जुळ्यांचे चाचणीतले गुण साध्या जुळ्यांपेक्षा जास्त मिळतेजुळते असतात. म्हणजे जन्मतः मिळालेल्या गोष्टींचाही वाटा आहे, आणि तो थोडाथोडका नाही. कोणाला गणित लवकर कळते, कोणाला सूर लवकर सापडतो. पण हा फरक एका माणसात आणि दुसऱ्या माणसात असतो. त्यावरून अमुक वंश हुशार किंवा तमुक जात मठ्ठ, असे काहीही सिद्ध होत नाही. शिवाय जन्मतः काय मिळाले आहे, ते शिकून पाहिल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

पालकहो, थोडे आपल्यासाठी. आपण इथे येऊन कातडीच्या रंगावरून कोणी आपल्याला कमी लेखले तर रागावतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच संध्याकाळी जेवताना अमक्या लोकांच्या रक्तातच अभ्यास असतो आणि तमक्यांना तो जमत नाही, असे आपणही बोलून जातो. कवटी मोजणाऱ्या फिशर यांचे आणि आपले वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मुले ऐकत असतात.

आणि मुलांनो, अद्वीस म्हणजे शाळेने आज काय पाहिले त्याचा सल्ला. अकराव्या-बाराव्या वर्षी घेतलेले ते एक माप आहे. या देशात व्हीएमबीओमधून हावोला आणि हावोमधून व्हीडब्ल्यूओला जाण्याची वाट आहे. ती सोपी नाही, पण आहे. आणि ज्यांचे हात चांगले चालतात त्यांच्या कामातही तितकीच बुद्धी लागते. वाकडी झालेली सायकल सरळ करून पाहा म्हणजे कळेल.

तो मुलगा परवा पुन्हा वर्गात बोलला. त्याने विचारले, की इरावतीबाईंनी फिशर यांना घाबरून आकडे बदलले असते तर? मला उत्तर सुचले नाही. वर्गातली दुसरी मुलगी म्हणाली, की मग आपण त्यांच्यावर अंक काढला नसता.

गृहपाठ : आजी-आजोबांना फोन करा आणि मराठीतल्या नात्यांचे जितके शब्द मिळतील तितके लिहून काढा. शेजारी त्याचा डच शब्द लिहा. कोणत्या डच शब्दासमोर सर्वांत जास्त मराठी शब्द येतात ते मोजून पुढच्या शनिवारी वर्गात सांगा. आकडे जसे येतील तसेच लिहायचे. बाईंना काय आवडेल ते बघून बदलायचे नाहीत!